पुढून सव्वा इंच

मापकाकूंना राग यायला वेळ लागत नसे. काज वाकडं पडलं की यायचा, 'उद्या न्यायला येते' म्हणून महिनाभर न फिरकणाऱ्या बाईचा यायचा, नवरा कापडाच्या कात्रीने कागद कापताना दिसला तर फारच यायचा. पण तो सुई टोचावी तसा, आला आणि गेला. त्या मंगळवारी क्षयरोग केंद्राच्या बाकावर आलेला राग मात्र अजून उतरलेला नाही. कुणी ऐकून घेतलं तर ठीक, नाहीतर त्या हाताला धरून ऐकवतात.

काकू शिवणकाम करतात. गल्लीच्या तोंडाशी जिन्याखाली एक खोली आहे, तिच्यात मशीन, कापायचं टेबल, इस्त्री आणि एक उभा आरसा. आरसा एका कोपऱ्यात तडकलेला आहे, म्हणून जाड बायकांना तिथेच उभं करतात, अर्धं अंग दिसतच नाही. वय बावन्न. माणूस दारात आला की ह्या आधी त्याचे खांदे बघणार, मग तोंड. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी विचारलं, नवरा कसा आहे, तर म्हणाल्या, 'छाती चाळीस, बाही तेवीस, डावा खांदा जरा पडका.' ही थट्टा घरात तीस वर्षं चालू आहे आणि नवरा अजून डावा खांदा उचलून चालतो.

त्यांचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे चादरी धुण्याचा कारखाना. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून येतात. तिथल्या चाळीस बायकांचे कामाचे लांब झगे दरवर्षी काकूंकडे शिवायला असतात. गळ्यापासून पोटरीपर्यंत, पुढे बटणं, बाजूला दोन खिसे. वीस वर्षं त्याच बायका, तेच झगे. मापांच्या वहीत प्रत्येकीचं एक पान, आणि वर नावाऐवजी काकूंनीच ठेवलेलं काहीतरी: उंचाडी, हसरी, बोळक्याची आई, भांडखोर नंबर दोन. काकूंची धाकटी जाऊ त्याच कारखान्यात होती. धुतलेल्या चादरी मशीनमधून ओढून काढायच्या, ओलं गाठोडं कंबरेवर घ्यायचं आणि वाळवणीच्या मशीनपर्यंत न्यायचं, हे तिचं काम. एका गाठोड्याचं वजन चांगल्या वाढत्या पोराएवढं.

त्या मंगळवारी काकू ह्याच जावेला घेऊन केंद्रात गेल्या होत्या. जावेला क्षय झाला होता आणि गोळ्यांचा पाचवा महिना चालू होता. खोकला थांबला होता, वजन चढलं होतं. शुक्रवारी डॉक्टर 'कामावर जायला हरकत नाही' अशी चिठ्ठी देणार होते आणि सोमवारी ती कारखान्यात परत उभी राहणार होती. काकूंना स्वतःला हाच आजार दोन वर्षांपूर्वी होऊन गेलेला. सहा महिने गोळ्या गिळल्या, कार्डावर 'बरी झाली' असा शिक्का बसला, आणि सिस्टरने हसत सांगितलं, आता इकडे फिरकू नका. त्यामुळे केंद्राचा तो बाक आणि त्याचा डुगडुगणारा पाय त्यांना घरच्यासारखा.

त्या दिवशी बाकाशी एक पाहणीवाली आली होती. तिशीतली, नीटनेटकी, गळ्यात ओळखपत्र, हातात कागद अडकवायची पाटी. क्षय झालेल्या माणसांना हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची कितपत माहिती आहे, ते तिला शोधायचं होतं. गोळ्या चालू असलेलेही हवे होते आणि घेऊन झालेलेही. काकू दोन्हीकडून लागू पडत होत्या, एक स्वतः आणि एक शेजारी बसलेली. प्रश्न बावीस होते.

हाडं आतून विरळ होऊन ठिसूळ होतात, असा आजार ऐकलाय का? नाही. क्षय झालेल्यांना त्याचा धोका जास्त असतो हे माहीत आहे का? नाही. उंची कमी होणं, पाठीला बाक येणं, पाठ सतत दुखणं ही त्याची लक्षणं असू शकतात, माहीत आहे? नाही. किरकोळ पडण्यानेही हाड मोडू शकतं? नाही. ऊन, आहार, चालणं-फिरणं यांचा हाडांशी संबंध? ऐकून आहे. इथे कुणी कधी याबद्दल काही सांगितलं का? नाही. कुणी उंची मोजली का? नाही. प्रत्येक 'नाही'पुढे पाहणीवाली बरोबरची खूण करत होती.

पहिल्या पाचसहा प्रश्नांना काकूंना लाज वाटली. शाळेत उभं केल्यासारखं. दहाव्यापर्यंत त्यांनी मान वर केली. आणि बावीस संपले तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, की बाई, माझी सगळी उत्तरं चुकली, आता बरोबर काय ते सांगा.

पाहणीवाली अवघडली. आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, आत्ता नाही सांगता येत. बाकावरच्या बाकीच्यांनी ऐकलं तर त्यांची उत्तरं बदलतील. पाहणी बिघडेल."

काकूंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण तिने नीट समजावलं. आणखी दोन महिने ती वेगवेगळ्या केंद्रांवर जाणार, मग आकडे जुळवणार, मग अहवाल निघणार, आणि मग लोकांना जागरूक करायची मोहीम निघाली तर निघणार. पत्रकं छापून तयार होती. तिच्या पिशवीत रबर लावलेला गठ्ठाच होता, वरच्या पत्रकावर वाकलेल्या बाईचं चित्र. पण ती पाहणी संपल्यावर वाटायची, असा नियम होता. आभार म्हणून तिने काकूंना एक पेन दिलं.

तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय ते काकूंना तेव्हा कळलं. आमच्याकडे माहिती नाही, हे माहीत करून घ्यायला बाई पाठवली. बाईने बावीस वेळा खात्री करून घेतली की ह्यांना खरंच काही माहीत नाही. आणि मग माहिती पिशवीत घालून, चेन लावून, ती पुढच्या माणसाकडे सरकली. घराला आग लागलीय का म्हणून दार वाजवावं, 'आम्हाला कल्पना नाही' हे उत्तर लिहून घ्यावं आणि धन्यवाद म्हणून जिना उतरावा, त्यातला हा प्रकार. वर पेन.

पण प्रश्न विचारणाऱ्यांची एक अडचण असते. प्रश्नातच अर्धं उत्तर सांडतं. उंची कमी होणं. पाठीला बाक. काकू घरी पोचेपर्यंत हे दोन शब्द त्यांच्या डोक्यात मशीनसारखे चालू होते, कारण ते त्यांनी आधी पाहिलेले होते. आपल्या वहीत.

झालं होतं असं. गेल्या वर्षी काकूंनी आळस केला. वीस वर्षं त्याच बायका, म्हणून त्यांनी सगळ्यांची मापं नव्याने घेतली नाहीत. जाडी वाढली असेल तर सांगा म्हणाल्या आणि जुन्या मापावर चाळीस झगे बेतले. त्यातले सहा परत आले. वीस वर्षांत एक झगा परत आला नव्हता आणि एकदम सहा. तक्रार सगळ्यांची एकच: झगा पुढून लोळतो आणि मागून वर जातो. काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सहाजणींना समोर उभं करून माप घेतलं, तर पुढची उंची, म्हणजे खांद्यापासून कंबरेपर्यंतची, कुणाची इंचाने कमी, कुणाची दीड इंचाने. मोठ्या बायका काही उन्हात वाळून आखडत नाहीत. तेव्हा नवऱ्याने, पडका खांदा उचलत, निवाडा दिला की टेप जुनी झाली. कापडी टेप ताणली की इंच लांब होतात आणि माप कमी भरतं. काकूंना ते पटलं. पंधरा वर्षांची टेप त्यांनी कचऱ्यात टाकली आणि नवी आणली.

नव्या टेपेनेही माप तेवढंच भरलं. पण तोवर झगे द्यायची घाई होती. काकूंनी सहाही झगे पुढून दुमडले, आतून बारीक टीप मारली आणि देऊन टाकले. टीप इतकी सुबक होती की उलटं करून पाहिलं तरी दिसू नये. आपल्या हाताने आपण पुरावा दुमडून शिवून टाकला, हे त्यांना ह्या मंगळवारी, म्हणजे वर्षाने, पायपुसण्यावर चपला काढताना कळलं.

त्यांनी वही काढली. कारखान्यातल्या चाळीसपैकी नऊजणींनी क्षयाच्या गोळ्या घेतलेल्या होत्या. काकूंना ते वेगळं कुणाला विचारावं लागलं नाही, त्या नऊजणी त्यांच्याबरोबर त्याच बाकावर बसलेल्या. झगा लोळला त्या सहाजणी या नवांतल्या. सहाच्या सहा. बाकी एकतीसमध्ये एकीचाही लोळला नव्हता. सहातली एक, बोळक्याची आई, पावसाळ्यात स्टुलावरून उतरताना पडली आणि मांडीचं हाड मोडून घरी बसली. एवढ्याशा स्टुलावरून पडून कुणाचं हाड मोडतं का, बघून उतरता येत नाही का, असं तिला जो तो ऐकवून आला होता. काकू भेटायला गेल्या तेव्हा त्यांनीही ऐकवलं होतं. तिने मान खाली घालून चूक कबूल केली होती. ते आठवून काकूंना आता आपलीच जीभ चावावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जावेला बोलावून घेतलं. सोमवारसाठी तिचा नवा झगा जुन्या मापावर कापून तयारच होता. काकूंनी तिला आरशासमोर उभं केलं, खांद्यावर टेप ठेवली, खाली सोडली आणि आकडा पाहिला. परत ठेवली. तिसऱ्यांदा ठेवली तेव्हा जाऊ म्हणाली, माझं काय पुतळ्याचं माप घेताय का.

पुढून सव्वा इंच कमी होतं. काकूंनी तिची पाठ चाचपली. मधोमध एका जागी हात लागला आणि जावेने श्वास आत ओढला. महिनाभर दुखतंय म्हणाली. सिस्टरला सांगितलं, तर सिस्टर म्हणाली अशक्तपणा आहे, खा-प्या. रात्री कूस बदलताना धरून उठावं लागतं, पण ते नवऱ्याला सांगितलं नव्हतं, कारण मग सोमवारी जाऊ दिलं नसतं.

काकूंनी सांगितलं की शुक्रवारी मी बरोबर येते आणि हाडं तपासल्याशिवाय चिठ्ठी घ्यायची नाही. त्यावर जाऊ जी भडकली ती पहिल्यांदाच, तिने थोरल्या जावेपुढे कधी आवाज चढवला नव्हता. पाच महिने जागा राखून ठेवलीय, मुकादम रोज कुणालातरी विचारतो येतेस का, चार दिवस उशीर झाला तर दुसरी उभी राहील. "माझी जागा गेली तर तुमच्या वहीतून काढून देणार आहात का, जाऊबाई?"

काकूंनी टेप गुंडाळली.

शुक्रवारी दोघी गेल्या, एकमेकींशी न बोलता. काकूंच्या काखेत वही होती. खिडकीशी सिस्टरने कार्ड घेतलं, वजनकाट्यावर चढवलं, 'छान, अर्धा किलो वाढलं' म्हणाली आणि लिहिलं. वजनाच्या शेजारी उंचीचा रकाना होता. त्यात पाच महिने पाच वेळा एकशे पंचावन्न. काकूंनी विचारलं की हे कधी मोजलं. सिस्टर म्हणाली, मोठ्या माणसाची उंची काय महिन्या-महिन्याला बदलते का, पहिल्या दिवशी विचारून लिहितो आणि पुढे तीच उतरवतो. ती चांगली बाई होती. काकूंच्या आजारपणात तिने स्वतःच्या डब्यातली फळं दिली होती. म्हणून तर जास्त चीड आली. वाईट माणसाने केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

उंची मोजायची पट्टी भिंतीवर रंगवलेली होती. तिच्यासमोर औषधांचं कपाट होतं. वरून फक्त एकशे नव्वद आणि दोनशे एवढे दोन आकडे दिसत होते, म्हणजे कुणी ताडमाड माणूस आला असता तर त्याची सोय होती.

डॉक्टर तरुण होते आणि त्यांच्यापुढे पासष्ट कार्डं होती. त्यांनी जावेच्या कार्डावर नजर टाकली, चिठ्ठीचा कागद ओढला आणि पेन उघडलं. काकूंनी कागदावर वही ठेवली. सहा पानांना लाल दोरा बांधून खूण केली होती. गेल्या वर्षीचं माप, त्याआधीचं माप, कोणी गोळ्या कधी घेतल्या, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी दोन पानं उलटली आणि सौम्यपणे म्हणाले की हे शिवणाचं माप आहे, ह्यावरून आजार ठरत नाही, आणि ह्या दिवसांत अंग दुखतंच. मग त्यांनी वही बाजूला सरकवली.

काकू जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टर, मला मंगळवारी इथे बावीस प्रश्न विचारले. आता मी तुम्हाला तीन विचारते. उंची कमी होणं हे हाडं ठिसूळ झाल्याचं लक्षण असू शकतं, हे तुम्हाला माहीत आहे का?"

डॉक्टर म्हणाले, माहीत आहे.

"क्षय झालेल्यांना त्याचा धोका जास्त, हे माहीत आहे?"

"आहे."

"मग आजपर्यंत कुणाला सांगितलंत?"

डॉक्टर रागावले नाहीत, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. त्यांनी खरं कारण सांगितलं. आजार अंगाला पोखरतो, अन्न अंगी लागत नाही, माणूस महिनोन्महिने घरात, उन्हाशिवाय. त्यात काही गोळ्यांनी हाडांना लागणारं जीवनसत्त्व लवकर खर्ची पडतं. हे सांगायला गेलं की लोक मधलं काही ऐकत नाहीत, 'गोळ्यांनी हाडं जातात' एवढंच ऐकतात आणि गोळ्या सोडतात. आणि गोळ्या सोडल्या तर हाडांची काळजी करायला माणूसच उरत नाही. म्हणून वरूनच असं ठरलेलं, की आधी गोळ्या पुऱ्या होऊ द्या. बाकीचं नंतर.

म्हणजे आमच्या भल्यासाठी आमच्यापासून लपवलं. काकूंना ह्याचा राग पाहणीवालीपेक्षा दुप्पट आला. त्यांचा आवाज चढला नाही, पण बाहेर बाकावरची कुजबुज थांबली.

"आम्हाला दोन गोष्टी एकदम कळत नाहीत, असं वाटतं का तुम्हाला? मी चाळीस बायकांची मापं डोक्यात ठेवते. गोळ्या सोडायच्या नाहीत आणि हाडं सांभाळायची, ह्यात न कळण्यासारखं काय आहे? नंतर म्हणजे कधी? मला बरी झाली म्हणून शिक्का दिलात, तुमचं नंतर माझ्यापर्यंत आलंच नाही. सोमवारी ही ओली गाठोडी उचलणार. सही तुम्ही करणार. सहीच्या आधी ते कपाट सरकवा आणि तिची उंची मोजा. एवढं एक करा, मग मी जाते."

जाऊ खुर्चीच्या कडेला बसून पदराचा पीळ करत होती. डॉक्टर उठले. कपाट त्यांनी आणि शिपायाने मिळून सरकवलं. मागे दोन झुरळं, एक हरवलेलं कार्ड आणि पूर्ण पट्टी सापडली. जाऊ भिंतीला टेकून उभी राहिली. टाचा टेकल्या, पाठ मधे टेकली, डोकं काही भिंतीला टेकेना. उंची एकशे एक्कावन्न भरली. डॉक्टरांनी परत मोजली. मग खुर्चीत बसून त्यांनी काकूंची वही पुन्हा ओढली, आणि ह्या वेळी लाल दोऱ्याची सहाही पानं वाचली. चिठ्ठीचा कागद त्यांनी फाडला आणि क्ष-किरणाचा लिहिला.

मणके दोन दबले होते. क्षय मणक्यात उतरलेला नव्हता, ते मोठ्या इस्पितळात पुन्हा तपासून घेतलं, हाडांची घनता मोजायच्या यंत्रावरही झोपवलं. हाडंच विरली होती, कापड धुऊन धुऊन विरतं तशी. डॉक्टर म्हणाले, औषधं आहेत, पुढची हाडं वाचवता येतील. सोमवारचं पहिलं गाठोडं उचललं असतं तर तिसरा मणका गेला असता, कदाचित पायांची ताकदही. जे दोन दबले ते परत वर येणार नाहीत. गेली ती उंची गेली.

जाऊ दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. काकू शेजारी बसल्या आणि तिच्या पाठीवरून, दुखऱ्या जागेच्या वरून वरून, हात फिरवत राहिल्या. नंतर 'जड उचलायचं नाही' अशी डॉक्टरांची नवी चिठ्ठी घेऊन काकूच मुकादमाकडे गेल्या. तो आधी हात वर करून मोकळा झाला. मग काकूंनी सांगितलं की तुमच्या सहा बायकांची पानं माझ्याकडे आहेत आणि डॉक्टरांनी ती पाहिली आहेत. मुकादमाने जावेला घड्या घालायच्या टेबलावर घेतलं. उभ्याने काम, पण उचलणं नाही. पगार थोडा कमी, आणि तोही उपकार केल्यासारखा दिला.

डॉक्टरांनी काकूंचाही क्ष-किरण काढायला लावला. त्यांचे तीन दबले होते. शिवणाऱ्या बाईचं स्वतःचं माप कोण घेतं? दोन वर्षं आपला घरातला झगा पुढून लोळतो म्हणून त्या कापडाला शिव्या घालत होत्या.

आता काकू कमरेला पट्टा बांधून दर मंगळवारी केंद्रात जाऊन बसतात. त्यांना कुणी बोलावलेलं नाही. गळ्यात टेप असते, आणि कपाट आता दाराच्या मागे असतं. बाकावरच्या प्रत्येकाला त्या भिंतीशी उभं करतात आणि आकडा कार्डाच्या मागे पेनने लिहून देतात, त्याच आभाराच्या पेनने. उन्हात बसा, चाला, अंडं-दूध जमेल ते खा, पाठ दुखली तर अशक्तपणा म्हणून घरी जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा. पहिल्याच दिवशी एक हातगाडीवाला म्हणाला, मग मी गोळ्याच बंद करतो. डॉक्टरांची भीती अगदीच खोटी नव्हती. त्यांनी त्याला सोडलं नाही. गोळी बंद केलीस तर मी तुझ्या घरी येईन, म्हणाल्या, आणि तुझ्या बायकोसमोर तुझं माप घेईन. तेव्हापासून तो गोळी गिळून जीभ बाहेर काढून दाखवतो.

महिन्याने पाहणीवाली उरलेले फॉर्म भरायला आली. पहिल्या बाईला तिने विचारलं, हाडं ठिसूळ होण्याचा आजार ऐकलाय का? हो. क्षय झालेल्यांना धोका जास्त, माहीत आहे? हो, पण म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. दुसरा हातगाडीवाला, त्याने प्रश्न पुरा व्हायच्या आधीच उत्तर दिलं. तिसरीने उलट तिलाच विचारलं की तुमची उंची शेवटची कधी मोजली. पाहणीवालीने पाटी खाली घेतली आणि बाकाच्या टोकाला पट्टा बांधून बसलेल्या बाईकडे पाहिलं.

"काकू, तुम्ही सांगितलंत सगळ्यांना?"

"सांगितलं."

"मग ह्या केंद्राचे सगळे फॉर्म बाद करावे लागतील. आणि कारण लिहावं लागेल." ती चिडली नव्हती, थकली होती. फॉर्मच्या तळाशी खरंच एक मोकळी चौकट होती, बाद करण्याचं कारण.

काकूंनी पिशवीत हात घातला. जावेचा नवा झगा जुन्या मापावर कापलेला होता, तो शिवण्याआधी पुढच्या भागातून जादाचं कापड कापून काढावं लागलं होतं. ती पट्टी त्यांनी टाकून दिली नव्हती. निळ्या कापडाची, रुंदीला सव्वा इंच.

"माझ्या जावेची एवढी उंची गेली," त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारून गेलात त्याच्या आधीच. मला दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी तिला सांगितलं असतं, आणि ही पट्टी झग्यातच राहिली असती. कारणाच्या जागी हे लावा."

पाहणीवाली पट्टी हातात घेऊन बसली. मग तिने पिशवीची चेन उघडली, पत्रकांच्या गठ्ठ्याचं रबर काढलं आणि गठ्ठा बाकावर ठेवला. स्टेपलर शोधायला तिला जरा वेळ लागला. पट्टी चौकटीपेक्षा लांब होती, म्हणून तिने ती दुमडून लावली.